तिसरा काटा

भडगावात आप्पांच्या जीपमध्ये पुढे बसलेल्याला रस्ता बघायची मुभा नसते. त्यानं डॅशबोर्ड बघायचा. तिथे आप्पांनी बाहेरून आणून ठोकलेले तीन गोल काटे आहेत. गिरणेचा पूल येईपर्यंत "किती दाखाडस?" चारदा विचारून होतं.

पहिला काटा तापमानाचा. कन्नड घाटात एकदा रेडिएटर उकळलं, तेव्हापासून कंपनीच्या काट्यावरचा भरवसा उडाला. त्यावर नुसतं एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. मधलं कसं कळावं? आप्पांनी आकड्यांचा काटा आणला आणि स्वतःच जोडला. करंट थेट बॅटरीवरून घेतला. काट्यातला दिवा रात्रभर जळला आणि सकाळी अर्ध्या गल्लीनं जीप ढकलली. मग चाबीनंतरचा करंट सापडला. फ्यूज मात्र घातला नाही. फ्यूज म्हणजे वायरीवरचा टोलनाका, असं त्यांचं मत.

आता दिवसा काटा ८५ दाखवी आणि हेडलाइट लावले की १०५. आप्पांनी निष्कर्ष काढला: उजेडाचा भार इंजिनावर पडतो. महिनाभर ते दिवस मावळायच्या आत घरी. पाचोऱ्याचं लग्न तर अक्षता टाकून, जेवण सोडून उरकलं. आप्पांनी जेवण सोडलं म्हटल्यावर गाव हादरलं.

शेवटी वायरमन पोरगा डॅशबोर्डखाली उताणा शिरला. काट्याची आणि लाइटची अर्थिंग एकाच बोल्टवर, आणि बोल्ट रंगावरच आवळलेला. त्यानं पॉलिश पेपरनं रंग खरवडला, काट्याची अर्थिंग वेगळी काढून इंजिनाच्या ब्लॉकवर दिली आणि लाइट लावले. काटा ८५वर ढिम्म.

"आप्पा, इंजिन गरम नव्हतं. अर्थिंग कच्चं व्हतं."

आप्पांचा चेहरा पडला. "काटा खराच शे," ते म्हणाले, "गाडीच खोटी शे."

मग अर्थिंगवर पहारा ठेवायला व्होल्टमीटर आला. गाडी बंद असताना १२.६, चालू असताना १४च्या आसपास. तो खरं बोलतो का हे बघायला दुसरा व्होल्टमीटर आला. दोघांत ०.२चा फरक पडतो. ज्या दिवशी ०.३ पडतो, त्या दिवशी आप्पा घरात कुणाशी बोलत नाहीत.

परवा कजगावच्या अलीकडे भर उन्हात जीप थांबली. आप्पांनी चाबी फिरवली, तिन्ही काटे वाचले. तिन्ही चोख. ढकलायला मी होतो.

डिझेल संपलं होतं. तो काटा कंपनीचा. चार वर्षं बंद आहे.