परमिट रूममधली ओपीडी

शनिवारी संध्याकाळी कोणत्याही शहरातल्या परमिट रूममध्ये पन्नाशी ओलांडलेल्या मित्रांचं टेबल हेरावं आणि शेजारी बसून कान द्यावा. सुरुवात राजकारणाने होते, मग मुलांचे पगार आणि सुनांचे स्वभाव. तेवढ्यात कुणीतरी खुर्ची पुढे ओढताना "आई गं" म्हणतो आणि मुख्य विषयाला तोंड फुटतं. कंबर! कंबरेवरून गाडी गुडघ्यांवर येते, तिथून युरिक अॅसिड, पित्त, शुगर, बीपी असे थांबे घेत रात्री किती वेळा उठावं लागतं इथपर्यंत पोहोचते. वेटर ऑर्डर घ्यायला येतो तोवर प्रत्येकाचा केसपेपर तयार असतो. औषध लिहायचं तेवढं बाकी.

ते मेन्यूकार्डावर छापलेलंच असतं.

या ओपीडीत उपचार आधी ठरतो, आजार मागाहून येतो. रम आवडणाऱ्याला बारा महिने सर्दी असते. बीअरवाल्याला फार पूर्वी एकदा मुतखडा झाला होता. खडा केव्हाच पडून गेला, उपचार अजून चालू आहे. व्हिस्कीवाल्याला झोप लागत नाही. वाइनवाला हृदयाला जपतो. आणि मुलाकडे परदेशी तीन महिने राहून आल्यापासून जिन-टॉनिकवर गेलेल्या गृहस्थांना अजून आजार सापडलेला नाही, पण डास तर सगळीकडेच आहेत!

इतिहासाचा पाठिंबा खरं तर या शेवटच्या गृहस्थांनाच आहे. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन हे हिवतापावरचं खरोखरीचं औषध. हिंदुस्थानातल्या इंग्रज साहेबांना ते कडूजहर प्रकरण घशाखाली उतरेना, म्हणून त्यात साखर आली, सोडा आला आणि मागोमाग जिन आली. श्वेप्स कंपनीने १८७० च्या दशकात 'इंडियन टॉनिक वॉटर' विकायला काढलं. आज अमेरिकेतल्या नियमानुसार टॉनिक वॉटरमध्ये लिटरमागे ८३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्विनीन घालता येत नाही. हिवतापाच्या प्रौढ रुग्णाला ते साधारण ६०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा द्यावं लागतं. हिशेब केला तर एका मात्रेला सात लिटरहून जास्त आणि दिवसाला एकवीस-बावीस लिटर टॉनिक प्यावं लागेल. त्यात जिन किती घालायची ते ज्याचं त्याने ठरवावं. हिवताप त्याआधीच घाबरून जाईल.

रमवाल्याकडे असा इतिहास नाही, पण त्याच्याकडे आजी आहे. घरात दारूचं नाव काढलं तर कानावर हात ठेवणारी आजी नातवाच्या छातीत कफ झाला की कपाटातून ब्रँडीची बाटली काढायची, छातीला चोळायची आणि कुणी बघत नाही असं पाहून चमचाभर पाजायचीसुद्धा. ती दारू नव्हे, 'औषधाची' बाटली. गोव्यात हे खातं फेणीकडे आहे. काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं २००९ साली. सर्दी, पोटदुखी आणि अंगदुखीसाठी घरोघरच्या आज्यांनी तिला मानांकन देऊन कित्येक पिढ्या लोटल्या होत्या.

"अरे, पोटात गेली की कशी ऊब येते बघ," असं रमवाला म्हणतो, आणि ऊब येते हे खरंच आहे. मद्यामुळे कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त बाहेरच्या बाजूला येतं आणि अंगाला उबदार वाटतं. पण ही ऊब शरीर आतून काढून बाहेर उधळत असतं. त्यामुळे खऱ्याखुऱ्या थंडीत पिणाऱ्याचं आतलं तापमान उतरतं. बर्फात अडकलेल्या वाटसरूला गळ्यातल्या पिंपातून ब्रँडी पुरवणारा सेंट बर्नार्ड कुत्रा तर निव्वळ चित्रकाराची करामत आहे. एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२० साली, वयाची विशीही गाठलेली नसताना, कुत्र्याच्या गळ्यात ते पिंप रंगवलं. आल्प्समधल्या मठातली कुत्री माणसं शोधून काढत, बार चालवत नसत.

बीअर आणि मुतखडा ही जोडी मात्र महाराष्ट्रात विठ्ठल-रखुमाईइतकी अतूट मानली जाते. हा सल्ला मूत्ररोगतज्ज्ञ सोडून पानवाल्यापासून साडूपर्यंत सगळे देतात. बीअर प्यायल्यावर लघवी वाढते, यात शंका नाही; शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला मद्य तात्पुरतं गप्प बसवतं. पण त्यापायी पुढे शरीरच कोरडं पडतं, आणि कोरडेपणा हा खड्यांचा जुना मित्र. तज्ज्ञ सांगतात ते इतकंच, की दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या. पाण्याला चखणा लागत नसल्यामुळे हा उपचार लोकप्रिय झालेला नाही. शिवाय बीअरमधल्या प्युरीनमुळे युरिक अॅसिड वाढतं. त्यामुळे एकाच टेबलावर एक जण मुतखड्यासाठी बीअर पीत असतो आणि त्याच्या शेजारी, तीच बीअर इमानाने प्यायलेला दुसरा, सुजलेला अंगठा चपलेबाहेर काढून बसलेला असतो.

वाइनवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याकडे कात्रणं असतात. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमात विचारलं गेलं की, फ्रेंच लोक एवढं लोणी आणि चीज खाऊनही हृदयविकाराने कमी का दगावतात? उत्तर म्हणून रेड वाइनचा ग्लास उचलला गेला आणि अमेरिकेत रेड वाइनच्या विक्रीने उसळी घेतली. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचं नाव झालं. ते वाइनमध्ये लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, एवढी ओळ कात्रणातून कापली गेली. संशोधकांच्या नंतर असंही ध्यानात आलं की, 'थोडी घेणारे' आणि 'अजिबात न घेणारे' यांची तुलना करताना न घेणाऱ्यांच्या रांगेत आजारपणामुळे सोडलेले लोकही उभे केले जात होते. आमच्या टेबलावर कोपऱ्यात लिंबूसोडा पीत बसलेला मित्र तोच. यकृताचा रिपोर्ट आल्यापासून तो घेत नाही. त्याच्याकडे बोट दाखवून बाकीचे म्हणतात, "बघ, न पिणाऱ्याची तब्येत!"

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, मद्याची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असं स्वच्छ सांगून टाकलं. संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने तर १९८८ सालीच मद्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं होतं. ही कात्रणं वाइनवाल्याच्या फायलीत नाहीत.

पण सगळा दोष या मित्रमंडळींच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. दारू हे औषध आहे, हे त्यांच्याआधी सरकारने कागदावर मान्य केलेलं आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० पासून पूर्ण दारूबंदी झाली आणि त्याबरोबर परवान्यांचं खातं उघडलं. आजही महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला कायद्याने परवाना लागतो आणि तो दिला जातो आरोग्य टिकवण्यासाठी! चैन, विरंगुळा, मित्राची बढती असल्या किरकोळ कारणांची सरकारदरबारी नोंद नाही. वर्षाचा परवाना १०० रुपयांचा, आजीवन १००० रुपयांचा. ऐनवेळी तब्येत बिघडणाऱ्यांसाठी विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत, दुकानाच्या काउंटरवरच. २५ वर्षांखालच्या तरुणांची तब्येत सरकारच्या मते ठणठणीत असल्यामुळे त्यांना विदेशी मद्याचा परवाना मिळत नाही.

या कायद्यात अडीअडचणीच्या परवान्याचीही सोय आहे. कुटुंबप्रमुखाला घरात आणीबाणीच्या वेळी औषध म्हणून ब्रँडी, रम किंवा शँपेन ठेवता यावी, म्हणून. ब्रँडी समजू शकते, रमही समजू शकते. शँपेनवाचून जीव जाईल असा आजार कुणाला होत असावा, यावर टेबलावर बराच वेळ खल झाला. शेवटी, तो आजार मलबार हिलवरच होत असणार, असं निदान सर्वानुमते झालं.

शेजारच्या गुजरातेत दारूबंदी कडक, त्यामुळे तिथे तब्येतीचा परवानाही कडक. वय ४० च्या पुढे हवं आणि वैद्यकीय तपासणी हवी. वय वाढेल तशी महिन्याची मंजूर मात्राही वाढते. जगात बाकी सगळीकडे म्हातारपणी डॉक्टर दारू कमी करायला सांगतात, इथे सरकार वाढवून देतं.

अमेरिकेने हा खेळ आपल्याही आधी खेळला. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत तिथले डॉक्टर चिठ्ठीवर व्हिस्की लिहून देत आणि औषधाच्या दुकानात ती मिळे. या योजनेचे सर्वांत नामांकित लाभार्थी विन्स्टन चर्चिल. डिसेंबर १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडताना त्यांना मोटारीने उडवलं. त्यांच्या डॉक्टरांनी जानेवारी १९३२ मध्ये दाखला दिला की, अपघातानंतर बरं होण्यासाठी रुग्णाला, विशेषतः जेवणाच्या वेळी, मद्य घेणं आवश्यक आहे. किती? कमाल मात्रा ठरवलेली नाही, किमान २५० मिलिलिटर. आपल्याकडच्या मापात सांगायचं तर क्वार्टर संपवून वर दोन छोटे पेग, तेही निदान एवढे. असा डॉक्टर मिळावा म्हणून व्हिस्कीवाला मोटारीखाली यायलाही तयार आहे.

त्याला प्रत्यक्षात मिळालेला डॉक्टर साधा आहे. दोन पेगनंतर झोप पटकन लागते पण तिची वीण उसवते, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, हे तो सांगतो. पित्तवाल्याला तो सांगतो की, जठराच्या तोंडाशी असलेली झडप मद्याने सैल पडते आणि आम्ल वर येतं. वर चकली आणि खारे दाणे. या माहितीवर टेबलाने तोडगा काढला आहे, तो म्हणजे चौथा पेग आणि अँटासिड एकदमच मागवायचं.

इथपर्यंत गंमत ठीक आहे. खरा घोळ गोळ्यांचा आहे. "आज बसायचंय म्हणून बीपीची गोळी घेतली नाही," हे वाक्य या टेबलावर मोठ्या जबाबदारीने उच्चारलं जातं, जणू धोका गोळीतच होता. दुसरा म्हणतो, "गोळी आणि पेग यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवलं की झालं." हे दोन तास कोणत्या ग्रंथातून आले, कुणी विचारत नाही. जुलाबावर नेहमी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या बाबतीत तर कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू टाळायला सांगतात. रोज पिणाऱ्याने डोकं दुखतं म्हणून पॅरासिटॅमॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेतल्या तर बिल यकृताच्या नावाने फाटतं. आणि मधुमेहाची औषधं घेणारा उपाशीपोटी प्यायला, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मग तो घामाघूम होऊन बरळायला लागला तरी मित्र हसतात, त्याला चढली म्हणून.

तेव्हा या ओपीडीतल्या समस्त रुग्णांना एकच विनंती. खऱ्या डॉक्टरसमोर बसाल तेव्हा "कधीतरी, एखादी बीअर" असं म्हणू नका. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्य असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ते ४१ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे तुमची ती 'एखादी बीअर' चार छोटे पेग आहे आणि क्वार्टर म्हणजे सहा. बायकोला सांगायचा आकडा वेगळा, मित्रांना सांगायचा वेगळा, हे समजून घेता येईल. डॉक्टरला मात्र खरा सांगा. तो त्यावर गोळीचा डोस ठरवत असतो.