फितूर साक्षीदार

जन्मजात ख्रिस्ती माणसाची मोठी अडचण म्हणजे त्याच्याजवळ सांगण्यासारखी साक्ष नसते. ज्याने दारू सोडली, मटका सोडला, ट्रकखाली येता येता वाचला, तो उभा राहिला की अख्खी मंडळी डोळे पुसते. आमच्या घराण्यात पणजोबांनी नगरला बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या वाट्याचं नाट्य एकट्यानेच संपवून टाकलं. मी संडेस्कूलला गेले कारण आईने पाठीत धपाटा घातला. तरुण संघात गेले कारण तिथे सभा संपली की समोसे असत. यात ‘मी अंधारात होते’ हा भाग बसवायचा कुठे? नगरला दिवे जायचे, तेवढाच काय तो अंधार.

ही अडचण मला इतकी वर्षं जाणवली नव्हती, कारण साक्ष द्यायला कुणी बोलावलंच नव्हतं. न्यू जर्सीत आम्ही ज्या चर्चला जातो, तिथून उन्हाळ्यात एक गट चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियात जातो. तिथल्या एका लहानशा चर्चच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचं शिबिर भरवायचं. सकाळी वर्ग, दुपारी खेळ, रात्री शेकोटी, गाणी आणि कुणाची तरी साक्ष. शिबिर चर्चचं आहे हे पत्रकावर ठळक छापलेलं असतं, त्यामुळे फसवाफसवी नाही. मुलं इंग्रजीसाठी येतात आणि येशू बरोबर येणार हे धरून चालतात. मी नगरला बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेलं, म्हणून माझी वर्णी लागली. बाकी गट अमेरिकन. त्यांना इंग्रजी फाडफाड बोलता येतं, पण ‘द’ कुठे लावायचा असं विचारलं की ‘कानाला बरं वाटेल तिथे’ असं सांगतात. तर्खडकरांच्या इंग्रजी पाठमालेच्या मुशीतून निघालेल्या बाईला हे सहन होत नाही.

अशा दौऱ्याचा खर्च ज्याने त्याने मित्रांना, नातेवाइकांना पत्रं लिहून उभा करायचा, अशी तिकडची पद्धत आहे. मी इमानेइतबारे सगळ्यांना पत्रं धाडली. नगरच्या काकांचा फोन आला. “अगं, युरोपला तू जाणार आणि वर्गणी आम्ही काढायची? आम्ही महाबळेश्वरला गेलो तेव्हा तू काय दिलं होतंस?” या प्रश्नाला धर्मशास्त्रात उत्तर नाही. काकांनी तरीही पाचशे एक रुपये पाठवले. वरचा एक रुपया पाहून आमच्या चर्चचा खजिनदार बराच वेळ विचारात पडला होता.

निघण्याआधी प्रशिक्षण झालं. साक्ष तीन मिनिटांत बसवायची, तिचे तीन भाग: आधी मी कसा होतो, मग काय घडलं, आता मी कसा आहे. गटातल्या एका तरुणाचं ‘आधी’ इतकं भरगच्च होतं की त्यातलं निम्मं मला उसनं मिळालं असतं तर बरं झालं असतं. माझी साक्ष ऐकून गटप्रमुख मायेने म्हणाला, “मधल्या भागात जरा काही घडतं का बघा.”

मला खरी गंमत वाटत होती ती वेगळीच. आम्ही सुवार्ता घेऊन निघालो होतो मोराव्हियाला! 1620 नंतर कॅथलिक हॅप्सबर्ग राजवटीने तिथल्या प्रोटेस्टंटांना पळता भुई थोडी केली. त्यांच्यातल्या काहींच्या वंशजांनी 1722 मध्ये जर्मनीत सॅक्सनीला आसरा घेऊन हेर्नहुट गाव वसवलं आणि तिथून 1732 मध्ये एक कुंभार आणि एक सुतार थेट कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांना सुवार्ता सांगायला निघाले. त्यातला सुतार मूळचा मोराव्हियाचा. या मंडळींचा दाखला इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीने 1792 च्या आपल्या पुस्तिकेत दिला. इंग्रजांचं पाहून अमेरिकनांनाही जोर चढला आणि 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईला उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा घाट घातला होता. तेव्हा व्हिसाची कटकट आजची नाही. पुढे 1831 मध्ये अमेरिकन मिशन नगरला पोचलं. त्यांनी शाळा काढल्या, म्हणजे ‘आधी शिका, मग ऐका’ ही युक्तीही जुनीच. या सगळ्या खटाटोपातून निष्पन्न झाले आमचे पणजोबा. आता त्यांची पणती विमानातलं कोरडं सँडविच चावत मोराव्हियाला निघाली होती. शेजारणीकडून कधीकाळी विरजण आणावं आणि तिच्याकडचं दही संपल्यावर आपणच वाटी घेऊन तिच्या दारात उभं राहावं, त्यातला हा प्रकार.

शेजारणीला मात्र दही नको होतं. चेक लोक जगातल्या सर्वांत कमी धार्मिक लोकांत मोडतात. 2011 च्या जनगणनेत तिथल्या 15 हजारांवर लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ लिहिलं. ‘स्टार वॉर्स’ सिनेमातले तलवारबहाद्दर, त्यांचा पंथ. माझ्या वर्गातला एक लंबूटांग्या मुलगा अभिमानाने म्हणाला, “त्यात आमचे बाबा आहेत.” आणि याच देशात 5 आणि 6 जुलै अशा लागोपाठ दोन सरकारी सुट्ट्या. पहिली, सिरिल आणि मेथोडियस हे धर्मप्रचारक 863 मध्ये मोराव्हियात आले म्हणून. दुसरी, धर्मसुधारक यान हुसला 1415 मध्ये जिवंत जाळलं म्हणून. मुलांना विचारलं तर त्यांची तक्रार एकच, दोन्ही सुट्ट्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन वाया जातात.

या मुलांशी माझं गोत्र जमलं ते मात्र पायताणांवरून. घरात शिरताना चेक माणूस बूट दारातच काढतो. आमचे अमेरिकन लोक बूट घालून थेट यजमानांच्या गालिच्यावर चालत गेले आणि यजमानीणबाईंचा चेहरा असा झाला की मला माझी आई आठवली. मी दाराशी चपला काढलेल्या पाहून बाईंनी मला जेवताना एक क्नेडलिक जास्त वाढला. हा उकडलेल्या पावाचा जाडजूड काप असतो. रश्शाबरोबर एक खाल्ला की माणूस दुपारपर्यंत गप्प राहतो. दोन खाल्ले तर साक्षही विसरतो. पुढे कळलं की ‘बाटा’ इथला, जवळच्याच झ्लीन गावचा, 1894 चा. मी म्हटलं, छे, बाटा आमचा. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला आम्ही तिथेच जायचो. मुलं खवळली. ख्रिस्ताबद्दल बोलताना जी आदबीने जांभया देत होती, ती बाटासाठी तावातावाने भांडली. त्या दिवशी वर्गात जेवढं इंग्रजी बोललं गेलं तेवढं आधीही नाही आणि नंतरही नाही.

आमच्याकडचं मुख्य शस्त्र म्हणजे मण्यांचं कडं. दोरीत रंगीत मणी ओवायचे आणि एकेका रंगावरून सुवार्ता समजावून सांगायची. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरा म्हणजे शुद्ध झालेलं मन, हिरवा वाढीचा, सोनेरी स्वर्गाचा. सगळ्या गटात सावळी मी एकटी, आणि काळा मणी बोटांत धरून ‘हे पाप’ म्हणायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. तेही मी केलं. समोरची एक मुलगी माझ्या हाताकडे बघत नव्हती, गळ्याकडे बघत होती. आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यातही मंगळसूत्र असतं. माझ्यात वाट्यांच्या जागी क्रूस आहे, पण मणी व्हायचे तेच.

“तुमच्या गळ्यात तर सगळेच काळे,” ती काळजीने म्हणाली. “एवढं पाप?”

“ते नवऱ्याचं,” मी म्हटलं. “मी नुसती वागवते.”

मुली फिदीफिदी हसल्या, गटप्रमुखाने मात्र वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यानंतर रोज दुपारी चार-पाच जणी माझ्याभोवती जमू लागल्या. त्यांना येशूची नव्हे, मंगळसूत्राची चौकशी करायची होती: लग्न कुणी ठरवलं, हे रोज घालावं लागतं का, यांच्या गळ्यात काय असतं. यांच्या गळ्यात काहीच नसतं हे ऐकून त्यांनी जे तोंड केलं, ते आमच्या महिला मंडळाने पाहायला हवं होतं.

लंबूटांग्याला मात्र मी एकदा कोंडीत पकडलंच. शेकोटीवर श्पेकाच्की भाजत होतो. हे आखूड, जाड सॉसेज. दोन्ही टोकांना चिरा दिल्या की भाजताना फुलासारखं उमलतं. मी विचारलं, “नाताळात तुम्हाला भेटी कोण आणतं?”

“येझिशेक,” तो म्हणाला. म्हणजे बाळ येशू. तिथे सांताक्लॉजला विचारतंय कोण.

“दिसतो कसा?”

“कुणी पाहिलेला नाही. भेटी ठेवून घंटा वाजते, आपण खोलीत जावं तर तो गेलेला.”

“म्हणजे जो दिसत नाही, तो तुला न मागता देऊन जातो. आणि देव नाही म्हणतोस?”

त्याने सॉसेज फिरवत विचार केला. “येझिशेक भेटी तरी आणतो,” तो म्हणाला. प्रशिक्षणात यावरचं उत्तर दिलं नव्हतं.

शिबिराच्या शेवटच्या रात्री साक्ष द्यायची पाळी माझी होती. पणजोबा, संडेस्कूल, समोसे असं जे होतं ते सांगितलं. मधल्या भागात काही घडलं नाही. तीन मिनिटं भरेनात म्हणून समोसे कसे करतात तेही सांगितलं. टाळ्या बऱ्या पडल्या, बहुधा समोशांना.

नंतर लंबूटांग्या अंधारातून येऊन शेजारी बसला. वर्षाच्या परीक्षेत नापास झालेल्यांची तिथे ऑगस्टअखेर पुन्हा परीक्षा घेतात. त्याचं गणित राहिलं होतं.

“तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना कराल?”

“तुझा तर विश्वास नाही.”

“माझा नाही. पण तुमचा आहे ना? मग तुम्ही करा.”

“करते. पण आधीच सांगते, गणिताच्या बाबतीत माझं वर फारसं वजन नाही. आठवीला मी रात्रभर गुडघे टेकून प्रार्थना केली होती, आणि मला मिळाले पस्तीस.”

“कितीपैकी?”

“शंभर.”

“आणि पास किती लागतात?”

“पस्तीस.”

त्याने हिशोब केला. तेवढं गणित त्याला येत होतं.

“पुरतील,” तो म्हणाला. “तेवढेच मागा.”