करूया की! नवशिक्यांसाठी चालढकल

कोल्हापुरात, शाहूपुरीत नवं ऑफिस थाटलंय? अभिनंदन. टेबलावर एक महत्त्वाचं काम एव्हाना येऊन पडलं असेल. समजा, जीएसटीचा रिटर्न. मुदत 20 तारीख, आज 12. घाबरू नका, पुढच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर तो 20 पर्यंत सहज टिकतो.

1. यादी करा. त्यासाठी नवी वही लागेल, ती आणायला स्वतः जा. पहिलं काम लिहा 'यादी करणे' आणि त्यावर लगेच बरोबरची खूण करा. दिवस सार्थकी लागला! मग लाल शाईत, सगळ्यात वर, रिटर्न लिहा आणि त्याच्या खालची कामं जीव ओतून करा. पंखा पुसा. जुन्या पावत्या तारखेनुसार लावा, मग रंगानुसार. यात लाजायचं काय? जॉन पेरी या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1996 मध्ये हीच पद्धत लेख लिहून मांडली आणि 2011 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. तुमचं राहिलंय, एवढंच.

2. प्राधान्यक्रम ठरवा. आयझेनहॉवरच्या नावाने चार खान्यांचा तक्ता मिळतो: तातडीचं, महत्त्वाचं, दोन्ही आणि दोन्ही नाही. आपल्याकडे तो अपुरा पडतो. पाचवा खाना आखा, 'पावणं आल्यात'. या खान्यापुढे बाकीचे चारही रद्द. दिवसभरात कुणीच आलं नाही, तर व्हीनस कॉर्नरला जाऊन उभं राहा. कुणीतरी भेटतंच.

3. इतिहासाचा आधार घ्या, पण निवडून. शाहू महाराजांचं नाव चुकूनही काढू नका. 1894 मध्ये राज्यकारभार हाती आला आणि 1895 मध्ये त्यांनी गुळाच्या व्यापारासाठी ही शाहूपुरी पेठ वसवलीसुद्धा. नवशिक्यांवर अशाने फार वाईट परिणाम होतो. त्याऐवजी शहराची हद्दवाढ आठवा. महापालिका 1972 मध्ये झाली, तेव्हापासून किती पिढ्यांना या विषयाने चर्चा पुरवली! हायकोर्टाच्या खंडपीठाचं उदाहरणही कित्येक वर्षं भरवशाचं होतं, पण ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं आणि तो आधार गेला.

4. गणपतीच्या आधीचे दोन महिने कुंभार गल्लीतून जाणं टाळा. तिथली माणसं चतुर्थीची तारीख धरून कामाला लागलेली असतात. बाप्पाला मुदतवाढ मागण्याची सोय नाही, हे त्यांना कुणीतरी फार लहानपणी सांगून ठेवलंय. बघून उगाच अपराधी वाटतं.

5. दंडाचा हिशेब सोयीने करा. उशिराचे रोजचे 50 रुपये, म्हणजे मिसळीपेक्षा स्वस्त. वर थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज असतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा घरी राहिलाय.

6. उजाडली 20 तारीख. दिवसा काही करू नका, पोर्टल हळू चालतं. रात्री साडेअकराला सीएंना फोन लावा. सुरुवात काळजीने करा: "सर, झोपला न्हाईसा न्हवं?" मग पोर्टलला शिव्या घाला; पलीकडूनही साथ मिळेल. फोन व्यस्त लागला तर रागावू नका, तुमच्याआधी पाच-सहा जणांनी हीच शिकवणी केलेली आहे. लागलाच नाही, तर पुढच्या महिन्यासाठी आत्ताच गजर लावून ठेवा. 20 तारीख, रात्री अकरा वीस.