आडवाटकर

बे एरियातल्या प्रत्येक मराठी कंपूत एक आडवाटकर असतो. खरं आडनाव काहीही असो, घर फ्रीमॉन्टला असो की सनीव्हेलला, माणूस तोच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तो हळूच मागे येऊन उभा राहतो आणि विचारतो, "मग? यंदा बर्फात कुठे?" तुम्ही भाबडेपणाने एका स्की रिसॉर्टचं नाव घेता, "हेवनली". आडवाटकर डोळे मिटून घेतो.

"हेवनलीचा लक्ष्मी रोड झालाय हो. आणि पालिसेड्सचं तर नावच काढू नका. १९६० साली तिथे ऑलिम्पिक झालं, तेव्हाच ते संपलं."

मग आवाज आणखी खाली आणून एकच शब्द: "कर्कवुड."

खोड जुनी आहे. पुण्यात असताना सिंहगडावर भजी खायला जाणाऱ्यांना तो ओळख देत नसे. हरिश्चंद्रगड खिरेश्वरहून चढणारे त्याच्या लेखी सहलवाले. गड पाहिला म्हणायचं तर नळीच्या वाटेने. अमेरिकेला येताना सह्याद्री मागे राहिला, तुच्छता मात्र हातातल्या सामानात बरोबर आली.

त्याची निवड चुकीची निघाली असती तर त्याला गप्प तरी करता आलं असतं. पण कर्कवुड खरोखर सुरेख आहे. टाहो सरोवराच्या दक्षिणेला, हायवे ८८ वर, कार्सन खिंडीच्या थोडं अलीकडे. पायथाच ७,८०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोन हजारांवर फूट उंच, आणि माथा ९,८०० च्या घरात. २,३०० एकरांत नवशिक्यांचे लोळायचे उतारही आहेत, झाडीतल्या वाटाही आहेत आणि वरून खाली बघताना पोटात गोळा आणणारे कडेही. २०१४ पर्यंत या गावाला बाहेरून वीजही येत नव्हती, सगळा कारभार डिझेलच्या जनरेटरवर. हे आडवाटकर अशा अभिमानाने सांगतो, की त्या जनरेटरचं हँडल यानेच मारलं असावं.

एक गोष्ट मात्र तो सांगत नाही. हेवनली ज्या वेल कंपनीचं आहे, तिनेच २०१२ साली कर्कवुडही घेतलं. तुम्ही हेवनलीसाठी जो पास काढलाय, त्यावरच हे गुपित छापलेलं असतं. "अहो, हे आमच्याच पासवर आहे की!" असं कोणी म्हणालंच, तर आडवाटकर म्हणतो, "पासवर असेल. माहीत किती जणांना आहे?"

निघायची वेळ पहाटे चार. त्यासाठीची एक्सेल शीट दिवाळीतच आलेली असते. कोणाच्या गाडीत कोण, कोणाचे बूट किती नंबरचे, दशम्या कोणाकडे, शेंगदाण्याची चटणी कोणाकडे. जॅक्सन गावात पेट्रोल आणि इतर विधी. पुढे चढ लागतो, बर्फ लागतो, आणि रस्त्याकडेला चाकांना साखळ्या लावण्याची पाटी दिसते. इथे आडवाटकर खुलतो. आर-वन म्हणजे काय, आर-टूमध्ये फोर-व्हील ड्राइव्हला सूट का, पण टायर बर्फाचे हवेत, आणि आर-थ्रीला कोणाचीच सुटका कशी नाही, हे तो उभ्याउभ्या समजावतो. साखळ्या वहिनी लावतात. "अहो, जरा बाजूला होता का? चाक दिसत नाहीये."

त्यातून कार्सन स्परजवळ हिमलोट पाडण्यासाठी रस्ता बंद ठेवलेला असला, की आडवाटकराला हलता न येणारा श्रोतृवर्ग मिळतो. मग स्नोशू थॉम्पसन येतो. नॉर्वेत जन्मलेला हा गडी १८५६ पासून वीस वर्षं भर हिवाळ्यात लांबलचक लाकडी स्कीज पायांना बांधून सिएरा ओलांडायचा, पाठीवर प्लेसरव्हिल ते जिनोआची टपाल. जाताना तीन दिवस, येताना दोन. मोबदल्यासाठी वॉशिंग्टनपर्यंत जाऊन आला. सरकारने हात वर केले. माणूस थोर, यात शंका नाही. पण गोष्ट अशी रंगते, की शेवटी टपाल थॉम्पसनने पोचवली की आडवाटकराने, हे मागच्या सीटवरच्यांना कळेनासं होतं.

डोंगरावर पोचल्यावर आडवाटकर नकाशा उघडतो. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे म्हणजे घरच्यांना सांगून जा. "पण हे रंग त्या त्या डोंगरापुरते असतात," तो बजावतो. "इथला निळा म्हणजे दुसरीकडचा काळा समजा." मग तो सगळ्यांना 'द वॉल' नावाच्या लिफ्टच्या पाळण्याखाली नेतो. तिथे कवटी आणि हाडांची पाटी आहे, कारण वरून खाली यायला सोपी वाट नाहीच. पाटीखाली त्याचा फोटो निघतो, गॉगल कपाळावर, नजर शिखराकडे. फोटो झाला की त्याला वारा जाणवतो. "आज वरती बर्फ टणक असणार," म्हणत तो टिंबर क्रीकच्या हिरव्या गोलांकडे वळतो, "तुम्हाला सोबत म्हणून." त्याची पंधरा वर्षांची लेक तोवर पाळण्यात बसून वर गेलेली असते. ती यातलं काहीच सांगत नाही, म्हणून तिचं व्यक्तिचित्र कोणी लिहीत नाही.

नवशिक्या पोरांना प्रशिक्षक ओरडून सांगत असतात, "पिझ्झा! पिझ्झा!" स्कीजची टोकं जुळवली, टाचा फाकवल्या की वेग आवरतो, त्या आकाराचं ते नाव. तिकडे भारतातून आलेल्या आजी काठावर डबा उघडून उभ्या. "कशाला तो पिझ्झा? दशम्या आणल्यात की मी!"

दुपारी पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत पंगत बसते. आडवाटकर उभ्यानेच खातो, कारण स्कीचे बूट काढले तर परत चढत नाहीत. शेजारच्या गाडीतूनही फोडणीचा वास येतो. पलीकडच्या गाडीतून "अरे, जॅकेट घाल आधी!" ऐकू येतं. आडवाटकर चारही दिशांना बघतो. प्रत्येक गाडीपाशी एकेक आडवाटकर उभ्याने दशमी खात असतो.

त्याचं बोलावणं आलं तर जरूर जा. बूट आदल्या संध्याकाळीच भाड्याने आणा, साखळ्या अंगणात एकदा लावून बघा आणि थॉम्पसनची गोष्ट पूर्ण ऐकून घ्या, मधे टोकलंत तर ती पहिल्यापासून सुरू होते. आणि घाई करा. पुढच्या हिवाळ्यात तो बेअर व्हॅलीला जाणार आहे, हायवे ४ वर, जिथून पुढे रस्ताच बंद असतो. कुणाला सांगू नका म्हणालाय. मंडळाच्या तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हणालाय.