कोंबड्यांचे कारभारी

सरकारी चाकरीत तीस-पस्तीस वर्षे काढून पेन्शनीत निघालेला मनुष्य कोकणातल्या आपल्या वडिलार्जित घरी कायमचा परतला, म्हणजे पहिले सहा महिने तो घर शाकारून घेण्यात घालवतो, पुढले सहा महिने बांधाच्या मोजणीवरून भाऊबंदांशी वाद घालण्यात घालवतो, आणि वादातला भाऊबंदही अखेर कंटाळून मुंबईला मुलाकडे निघून गेला की, आता हुकूम सोडावा तरी कोणावर या विवंचनेत दोन दिवस ओटीवर बसून काढल्यावर, तिसऱ्या दिवशी तो कोंबड्या पाळू लागतो. या वर्गातले सद्गृहस्थ मला वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत अनेक भेटले आहेत. त्यांच्या अंगावर घरी शिवलेली बंडी असते, कानावर पेन्सिल असते, आणि परसात गरजेपेक्षा निदान पाच कोंबडे जास्त असतात. या शेवटच्या लक्षणावरून त्यांना अंधारातही ओळखता येते. किंबहुना अंधारातच अधिक येते, कारण पहाटे साडेतीनला ज्या दिशेने एकाऐवजी सात बांगा ऐकू येतात त्या दिशेला असा एक गृहस्थ राहतो, हे निश्चित समजावे.

आमचे शेजारी आबा हे या वर्गाचे केवळ भूषण होत. अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले. चाकरीच्या काळात कित्येकांच्या दरखास्ती त्यांनी एका शेऱ्यानिशी निकालात काढल्या असे ते स्वतः सांगतात, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. परंतु आपल्या परसातल्या एकाही कोंबड्याचा निकाल त्यांच्या हातून आजवर लागलेला नाही, हेही तितकेच खरे.

वस्तुतः प्रश्न साधा आहे. कोंबडी अंड्यांवर बसली म्हणजे एकवीस दिवसांनी पिले बाहेर पडतात, आणि त्यांत नर व मादी यांचे प्रमाण निसर्गाने साधारणपणे निम्मे-निम्मे ठेवले आहे. खुराड्याची गरज मात्र आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, एवढीच आहे. या दोन आकड्यांमधली जी तफावत, ती कोणाच्या तरी ताटात जमा केल्याशिवाय हिशेब मिळत नाही. मोठ्या कारखान्यांतून, जिथे अंड्यांच्या जातीचीच पैदास होते तिथे, नर पिलांचा निकाल पहिल्याच दिवशी निर्दयपणे लावतात. एका दिवसाच्या पिलाची शेपटी वर करून त्याचे लिंग सांगण्याची विद्या जपानी पंडितांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्धीस नेली, तीही याच कामासाठी. आबांना ही विद्या अवगत नाही आणि असती तरी त्यांनी ती वापरली नसती. लांबट अंड्यातून कोंबडा आणि वाटोळ्या अंड्यातून तलंग निघते, या आजीकडून मिळालेल्या शास्त्रावर त्यांची श्रद्धा असून, खुडूक कोंबडी रवणीस बसवण्यापूर्वी ते ओटीवर चष्मा लावून एकेक अंडे जमिनीच्या दस्तासारखे फिरवून फिरवून तपासतात. मागल्या खेपेस अशी अकरा वाटोळी अंडी त्यांनी निवडली. नऊ फुटली, आणि त्यांत सहा कोंबडे निघाले. शास्त्र खोटे पडले असे मात्र आबांनी मानले नाही. अंडी आतून लांबट असावीत, असा त्यांनी अभिप्राय दिला.

पिलू सहा-आठ आठवड्यांचे होऊन तुरा लाल दिसू लागेपर्यंत आबांच्या दप्तरी ते ‘उमेदवार’ म्हणून राहते. तुरा निश्चित झाला की त्याला हुद्दा मिळतो. गेल्या वर्षी त्यांच्या परसात एक फौजदार, एक शिरस्तेदार, एक नाझर, दोन कारकून, एक पट्टेवाला आणि आवाज नुकताच फुटू लागलेला एक उमेदवार, असे सात कोंबडे आणि त्यांच्या दिमतीला अवघ्या नऊ कोंबड्या होत्या. त्या नऊ जीवांची जी परवड होई तिचे वर्णन न केलेले बरे. त्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडली होती, आणि दिवसातला बराच वेळ त्या घराच्या मागल्या पडवीत, काकींच्या पायांशी, आश्रिताप्रमाणे बसून काढीत.

हा सारा लवाजमा पोसायचा म्हणजे खर्च आला, आणि खर्च आला म्हणजे काकींची तपासणी आली. येथे आबांच्या मदतीला मराठी व्याकरण धावून येते. मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवले, पण त्याचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. ‘कोंबडे’ आणि ‘कोंबड्या’ हे प्रथमेत स्वच्छ निराळे. पण विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याचा अवकाश, की दोहोंचे मिळून ‘कोंबड्यांना’, ‘कोंबड्यांचे’, ‘कोंबड्यांसाठी’ असे एकच रूप होते आणि लिंगाचा मागमूसही उरत नाही. आबांच्या रोजकीर्दीत गेली चार वर्षे ‘कोंबड्यांचे दाणे’ एवढीच नोंद आहे. एकाही ठिकाणी प्रथमा नाही.

पण काकी व्याकरणाला बधणाऱ्यांतल्या नव्हेत. महिन्यातून एकदा तरी त्या विळीवर खोबरे खवता खवता प्रकरण उपस्थित करीत, आणि आबा पंचांग मागवीत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शुक्रवारी खुद्द काकींचाच उपवास. उरले बुधवार आणि रविवार. त्यांतून श्रावण, गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र आणि वाट चुकून बुधवारी आलेल्या एकादश्या व संकष्ट्या वजा जाता वर्षाचे जे थोडके दिवस हाती राहत, त्यांतल्या बुधवारी कोणाचा ना कोणाचा वाढदिवस निघे. आणि रविवारी? रविवारी आबा स्वतः सकाळी पिशवी घेऊन बाजारात जात आणि दुकानातून किलोभर कोंबडी कापून आणीत. सात कोंबडे परसात बांग देत असताना पदरचे पैसे मोजून आणलेल्या त्या पांढऱ्या, निर्विकार मांसाचे ते मनापासून दोन वाढप घेत. वर म्हणत, ‘आजच्या दिवसाची सोय झालेली असताना घरचा कापणे म्हणजे दुबार खर्च.’ प्रकरण तहकूब.

‘मास्तरांनू,’ काकी मला म्हणत, ‘ह्यांका इचारून कोंबो कधी मराचो नाय.’ आणि आबांकडे वळून, ‘तुमची तारीख येयसर कोंबो म्हातारो जातलो!’

विक्रीचाही प्रयोग झाला नाही असे नाही. एकदा नाझर आणि दोन्ही कारकून यांचे पाय सुंभाने बांधून आबा त्यांना आठवड्याच्या बाजाराला घेऊन गेले. गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक तुटून पडते, त्यामुळे अर्ध्या तासात व्यवहार आटोपायला हरकत नव्हती. परंतु आबांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचा जबाब घेण्यास आरंभ केला. घरी कोंबड्या किती, खुराडे दगडी की बांबूचे, रात्री मुंगसाचा उपद्रव आहे काय, आणि सरतेशेवटी, कोंबडा नेण्याचा हेतू काय? ‘हेतू’ हा शब्द ऐकून बाजारातली माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. एका सज्जनाने सरळपणे ‘जावई येणार आहे’ असे सांगताच आबांनी नाझराला पाठीशी घातले. तिघेही संध्याकाळच्या गाडीने आबांच्या मांडीवर बसून परत आले.

फौजदाराला तर घरबसल्या मागणी आली होती. तळकोकणात आणि गोव्याकडे कोंबड्यांच्या झुंजी चोरून लावणारे काही दर्दी अद्याप आहेत. त्यांतल्या एकाने फौजदाराची मान, छाती आणि पायामागचा बोटभर काटा पाहून अशी किंमत सांगितली की काकींनी हातातले सूप खाली ठेवले. परंतु आबांच्या अंगातला अव्वल कारकून त्या क्षणी खडबडून जागा झाला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम, त्याचे अकरावे कलम, करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजण्यास चिथावण्याचा गुन्हा, हे सारे त्यांनी ओटीच्या पायरीवर उभे राहून त्या इसमास तोंडपाठ ऐकवले. इसम निघून गेला, आणि जाताना फौजदाराने त्याच्या पोटरीवर कलम न सांगता अंमलबजावणी केली.

या फौजदाराविषयी दोन शब्द सविस्तर लिहिले पाहिजेत. त्याचा रंग तांबडा, शेपूट हिरवट काळी, आणि नजर, समोरच्या माणसाने काहीतरी लपवले आहे अशी. पिलू असताना घारीच्या तावडीतून सुटला म्हणून आबांनी त्याला ओटीवर टोपलीत ठेवून हातावर भाताची शिते भरवून वाढवला, आणि सगळा अनर्थ तिथेच झाला. आईखाली वाढलेला कोंबडा माणसाला बिचकून असतो. हातावर वाढलेल्याला माणसाचे भय राहत नाही, आणि वयात आल्यावर तो माणसाला आपल्याच जातीतला, जरा उंच पण नालायक, असा प्रतिस्पर्धी समजतो. फौजदार एक पंख जमिनीला घाशीत तिरका तिरका नाचत येई. पोस्टमन पत्रे कुंपणावरून फेकू लागला. भाजीवाली आमच्या घरापाशीच उभी राहून आबांच्या घरासाठी हाक मारी. आचऱ्याला गावपळणीच्या वेळी माणसे गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातात, ती देवाच्या कौलाने. आमच्या आळीने फौजदारापायी गाव सोडायचे तेवढे बाकी राहिले होते.

मी त्याच्या तडाख्यात सापडलो तो वर्तमानपत्र परत द्यायला गेलो तेव्हा. वर्तमानपत्र देऊन मी वळलो मात्र, तोच पोटरीत कोणी दाभण खुपसल्यासारखे झाले. धनुर्वाताची सुई टोचून घेऊन मी परत आलो तेव्हा आबा पंचनाम्याच्या तयारीने बसले होते. ‘मास्तर, आपण पाठ फिरवली होती काय?’ होती, म्हटले. ‘आणि चालण्याची गती?’ जरा जलद. ‘मग,’ आबा खेदाने म्हणाले, ‘चिथावणी आपल्याकडून झाली. त्याच्यापुढे पळायचे नसते.’ हा नियम खरा आहे हे मला नंतर इतर जाणत्यांकडूनही कळले, तरी त्या वेळी माझी पोटरी तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

तथापि माझ्या तक्रारीचा परिणाम म्हणून उपाययोजना सुरू झाली. दांडगा कोंबडा काखेत मारून त्याच्या कोंबड्यांदेखत परसातून हिंडवला म्हणजे त्याचा तोरा उतरतो, असे कोणीसे सांगितल्यावरून आबा रोज दिवेलागणीच्या आधी फौजदाराला काखेत घेऊन माडांच्या आळ्यांतून फेऱ्या घालू लागले. पंधरा दिवसांत गुण आला. फौजदार आबांच्या काखेत डोळे मिटू लागला. इतरांशी त्याचे वर्तन पूर्ववत् राहिले. आणि आबांना संध्याकाळी फिरायला सोबत मिळाली.

याच सुमारास मी त्यांना एक माहिती वाचून दाखवली. जपानातल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली कोंबडे अखंड मंद उजेडात ठेवून पाहिले, आणि उजाडल्याची कसलीही खूण नसताना ते आपल्या आतल्या घड्याळावर बांग देतात असे त्यांना आढळले. पुढे 2015 साली त्यांनी असे दाखवले की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग नेहमी सर्वांत वरच्या दर्जाचा कोंबडा देतो, बाकीचे दर्जाच्या क्रमाने मागाहून आरवतात, आणि पहिल्याला हलवले तर दुसरा त्याची जागा घेतो. आबांना आश्चर्य वाटले नाही. ‘हे पाहायला जपानात कशाला जायला हवे? आमच्या कचेरीत साहेब खोकल्याशिवाय कोणी खोकत नसे.’ दुसऱ्या दिवसापासून मात्र ते पहाटे ओटीवर वही घेऊन बसू लागले. फौजदार, शिरस्तेदार, नाझर, असा बांगांचा हजेरीपट भरू लागला, आणि क्रम एकदाही चुकला नाही असे ते मला अभिमानाने सांगत.

नोव्हेंबर महिना आला. या महिन्यात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याची खात्री सरकारला पटवावी लागते, म्हणून एका बुधवारी आबा धुतलेला सदरा घालून हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला गेले. त्या घरची चाल अशी की भात घरात आले म्हणजे जागेच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा; आबांनी ती बाबदेखील दोन वर्षे, रंग जुळत नाही या सबबीवर, विचाराधीन ठेवली होती. काकींनी पंचांग पाहिले नाही. फौजदार दांडगा खरा, पण रात्रभर डालग्याखाली कोंडलेला कोंबडा सकाळी कितीसा दांडगा राहणार?

रात्री मला जेवायला बोलावणे आले. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली सागोती, वडे, सोलकढी. मांस जून होते, चुलीवर अडीच तास शिजले होते, आणि चव अशी की बाजारातल्या कोंबडीशी तिचे सात पिढ्यांत नाते निघाले नसते. आबांनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावत राहिले, काकींकडे पाहिले. काकी कढीत मीठ आहे का ते बघत होत्या. आबांनी दुसरा वडा घेतला. सरकारने दाखला ठेवून घेतला, सही जुळली, असे ते सांगत होते. तिसरा वडा घेतला. संध्याकाळी ते फिरायला गेले नव्हते, हे मला तेव्हा आठवले.

पहाटे जाग आली ती शांततेने. साडेतीन वाजून गेले तरी आळीत आवाज नाही. मी खिडकीशी येऊन पाहिले तर आबा ओटीवर कंदिलापाशी वही उघडून बसलेले. बऱ्याच वेळाने शिरस्तेदाराने, प्रभारी माणूस पहिल्या दिवशी साहेबाच्या खुर्चीत बसताना चाचरतो तसा, अर्धी बांग देऊन पाहिली. कोणी हरकत घेतली नाही तेव्हा पुरी दिली. मग नाझर, मग कारकून. शेवटी उमेदवाराचा घोगरा आवाज आला.

सकाळी वर्तमानपत्र न्यायला गेलो. पाठ बिनधास्त फिरवता येत होती. वही ओटीवर पडली होती. फौजदाराच्या नावापुढे पेन्सिलीने ‘बदली’ असा शेरा होता, आणि ‘कोठे’ हा रकाना कोरा होता. आबा परसात होते. खुडूक झालेल्या कबऱ्या कोंबडीसाठी ते अंडी निवडीत होते, वाटोळी.