शिट्टी कपाटात

झाशीत टेकडीवर हॉकी स्टिक घेतलेले ध्यानचंद उभे आहेत आणि खाली गावात घोड्यावर राणी लक्ष्मीबाई. या शहराचं नाव जगभर नेणारी ही दोन्ही माणसं शरीर कमावलेली. आणि तिथेही, आपल्या पुण्या-नाशकातल्यासारखाच, दहावीचा पी.टी.चा तास सगळ्यांत आधी कापला जातो. पोर्शन राहिला की गणिताचे सर वर्गात येतात आणि शिट्टी कपाटात जाते.

मला याचा संताप येतो, कारण कागदावर सगळं जागच्या जागी आहे. केंद्रीय बोर्डाने २०१८ मध्ये नववी ते बारावीला रोज खेळाचा तास ठेवायला सांगितलं. त्याच वेळी कार्यानुभव हा विषय मात्र शारीरिक शिक्षणाच्या पोटात घातला. आपल्या राज्य मंडळातही आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणी मिळते. या श्रेणीने टक्केवारी हलत नाही, म्हणून ती सढळ हाताने वाटली जाते. जो मुलगा वर्षभर मैदानावर उतरलाच नाही त्यालाही ‘अ’. असा ‘अ’ देणारी शाळा खोटं लिहिते आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

ध्यानचंदांचं शाळकरी शिक्षण सहा वर्षांतच थांबलं. वडील फौजेत, सारख्या बदल्या. १९२२ मध्ये ते स्वतः फौजेत भरती झाले आणि हॉकी खऱ्या अर्थाने शिकले ते तिथे, सुभेदार मेजर बाले तिवारींच्या हाताखाली. सहा वर्षांनी अ‍ॅमस्टरडॅमला सुवर्णपदक, मग १९३२ ला लॉस एंजेलिस, १९३६ ला बर्लिन. पलटणीला शिकवणारा माणूस होता, मैदान होतं आणि रोजची ठरलेली वेळ होती. झाशीतल्या आजच्या शाळेकडे यातलं काय आहे, हे तिथल्या पालकांनी विचारलं पाहिजे. दरवर्षी २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जन्मदिनी, त्यांच्या फोटोला हार घालून भाषण करणाऱ्यांनी तर आधी विचारलं पाहिजे.

शिकवणाऱ्या माणसाचंच बघा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या, शंभराहून जास्त मुलं असलेल्या शाळेला तीन निदेशक देऊ केले: कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण. तिघेही अंशकालीन. उत्तर प्रदेशाने २०१३ मध्ये असे अनुदेशक नेमले ते महिना ७,००० रुपयांवर, अकरा महिन्यांच्या करारावर. महाराष्ट्रातले निदेशकही तासिकेच्या मानधनावर वर्षानुवर्षं झगडले. म्हणजे मुलांच्या शरीराला आणि हातांना शिकवणारा माणूस अर्धाच लागतो, हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. मग मुख्याध्यापकांनी त्याचा तास उचलून गणिताला दिला तर त्याने कुणाच्या जोरावर भांडायचं?

आता मुली. विष्णुभट गोडसे हे भिक्षुक कोकणातल्या वरसईहून निघून झाशीला पोहोचले आणि १८५८ चा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात बाईसाहेबांचा, म्हणजे राणीचा, दिनक्रम आहे: पहाटे उठून मल्लखांब, मग घोड्याची रपेट. राज्यकारभार त्यानंतर. राज्य सांभाळणाऱ्या बाईला सकाळी व्यायामाला वेळ होता, आणि आपण दहावीतल्या मुलीला सांगतो की यंदा तुझं बोर्ड आहे. तिच्यावर आणखीही बंधनं येतात. ऊन लागेल, रंग काळवंडेल, चार दिवस अडचणीचे आहेत, मैदानावर मुलं आहेत. आठवीपर्यंत कबड्डीत मुलांना पाडणारी पोर नववीत व्हरांड्यात बसून स्कोअर लिहिते. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. राणीच्या शहरातल्या प्रत्येक कन्याशाळेत एक खांब पुरायला कुणाची हरकत आहे? सागवानी खांब, खाली मॅट, आणि शिकवणारी एक बाई. यातलं महाग काय ते त्या बाईचा पगार, आणि तो पूर्ण द्यायचा.

कार्यानुभवाची दशा याहून वाईट. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटलं. मुलांच्या वाट्याला शेवटी आली ती बाजारातून आणलेली फुलदाणी आणि आईने रात्री जागून सजवलेली फाइल. झाशीत तर हाताच्या कामाला तोटा नाही. रेल्वेचं वॅगन दुरुस्तीचं मोठं वर्कशॉप शहरात आहे. भेलचा कारखाना ट्रान्सफॉर्मर बनवतो. राणीपूरला माग आहेत. कापडी खेळणी शिवणं हा जिल्ह्याने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत निवडलेला धंदा आहे. पाण्यासाठी तळमळणाऱ्या बुंदेलखंडात जुनी तळी आहेत, त्यांतला गाळ मोजणं हे नववीच्या वर्गाचं उत्तम काम होईल. भूमितीही होईल, घामही येईल. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायची सोय सुचवली आहे. ती नववी-दहावीलाही द्या. वयाने हात तेव्हाच जास्त तयार होतात.

तोवर पालकांनी एक करावं. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिका समोर ठेवून विचारावं: माझ्या मुलीला शारीरिक शिक्षणात ‘अ’ दिलात, तर या महिन्यात ती कोणत्या वारी, कोणत्या तासाला मैदानावर होती आणि काय खेळली? कार्यानुभवात ‘अ’ दिलात, तर तिने हाताने केलेली वस्तू कुठे आहे? उत्तर आलं नाही तर श्रेणी दुरुस्त करून मागावी, लेखी. घरी ‘क’ आला तरी चालेल. वेळापत्रकातला तो तास कुणी खाल्ला, ते निदान कागदावर येईल.