सगळ्यांना एकच डबा

शर्यतीत नऊ विशेष मुलं धावतात, एक पडतं, बाकीची आठ मागे फिरतात आणि सगळी हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडतात. हा मेसेज तुम्हालाही आला असेल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो वर्षातून दोनदा येतो. कधी मुलं सिएटलची असतात, कधी हैदराबादची. खाली जोडलेल्या हातांची रांग. याच ग्रुपवर मागे अशाच मुलांच्या सरावासाठी हॉल देण्याचा विषय निघाला होता. 'फरशी नवीन आहे,' हे उत्तर एका मिनिटात आलं.

बौद्धिक दिव्यांग खेळाडू आपल्याला संतच लागतो. जिंकायची हाव आपण शहाण्यांसाठी राखून ठेवली आहे. त्या हावेचा नमुना २००० साली सिडनीच्या पॅरालिम्पिकमध्ये दिसला. स्पेनच्या बास्केटबॉल संघाने याच गटात सुवर्णपदक मारलं आणि नंतर कळलं, बारापैकी दहा जण ठणठणीत! संघात शिरलेल्या एका पत्रकारानेच भांडं फोडलं. त्याच्या सांगण्यानुसार एका सामन्यात आघाडी इतकी वाढली की प्रशिक्षक म्हणाले, जरा हळू घ्या, नाहीतर ओळखतील. (सोयीच्या बदलीसाठी रातोरात कान जाणारे गुरुजी आपल्याकडेही आहेत, तेव्हा स्पेनला फार हसू नये.)

पदकं परत गेली. त्यात संघातल्या दोन खऱ्या खेळाडूंचीही गेली. आणि शिक्षा? ती जगभरच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना. अथेन्स नाही, बीजिंग नाही. थेट २०१२ला लंडनमध्ये दार किलकिलं झालं, तेही अ‍ॅथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिसपुरतं. सोंग काढलं शहाण्यांनी, बारा वर्षं बाकावर बसले हे.

त्याच किलकिल्या दारातून तेलंगणातल्या मजुराची पोर दीप्ती जीवनजी आत शिरली. लहानपणी गावाने तिला नको नको ते म्हटलं. २०२४च्या मे महिन्यात कोबेला ४०० मीटरमध्ये तिने ५५.०७ सेकंदांचा विश्वविक्रम केला, सप्टेंबरमध्ये पॅरिसला ५५.८२ सेकंदांत कांस्य मिळवलं. पहिली आणि तिसरी यांच्यात पुरता एक सेकंदही नव्हता. कोणी कोणासाठी थांबलं नाही.

परवा एका विशेष शाळेच्या क्रीडादिनाला गेलो होतो. दहाचे पाहुणे पावणेबाराला आले, चाळीस मिनिटं 'देवाघरच्या फुलां'वर बोलले. फुलं उन्हात उभी. मग ५० मीटरची शर्यत झाली आणि बक्षिसं वाटली: धावलेल्या प्रत्येकाला स्टीलचा एक डबा. 'आपल्याकडे सगळेच पहिले,' पाहुणे माइकवर म्हणाले. टाळ्या.

पहिला आलेला पोरगा डबा घेऊन जागचा हलेना. शेजारच्याच्या डब्याकडे बघितलं, मग स्वतःच्या. मग पाहुण्यांच्या जाकिटाची बाही ओढून म्हणाला, "याला का दिला? हा तर शेवटून पहिला."